बारावा फर्मा

६ मार्च

चि. ठमीस,

फोन जावईबापू उचलतात. "ती बाहेर गेलीये, आई," म्हणतात, आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. भल्या माणसाला दर रविवारी खोटं बोलायला लावण्यापेक्षा पत्र बरं. खोकला कोरडा वाटतो. अंगावर काढू नकोस.

एकच मागणं आहे, ते आधी लिहिते, म्हणजे तुला पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस. ती सोळा पानं मला पाठवून दे.

नोव्हेंबरात बाबा गेल्यावर तू आठवडाभर इथे होतीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. निघताना दारात चपला घालता घालता म्हणालीस, "बाबांनी तुझ्यापासून सोळा पानं लपवली. माझ्या पेटीत पडली आहेत. तू माझ्यापासून अख्खे बाबा लपवलेस." मग रिक्षा आली.

दुसऱ्या वाक्याचं आज राहू दे. त्या दिवसांत फोन नीट लागत नव्हता, एवढं तुला ठाऊक आहे. पहिलं वाक्य मला तेव्हा कळलंच नाही. तू गेल्यावर चार दिवसांनी मी कपाटातून बाबांनी मला बांधून दिलेली ती निळी कादंबरी काढली आणि पानांचे आकडे पाहिले. एकशे शहात्तर. त्याला लागून एकशे त्र्याण्णव.

वाचनालयात जाऊन आले. तिथली प्रत जीर्ण झाली म्हणून कधीच रद्दीत गेली. ग्रंथपाल म्हणाले, "आजी, आता ही कोण मागतं? दुसरी एखादी न्या." मी म्हटलं, दुसऱ्या सगळ्या नेल्यात. छापखान्याच्या जागी आता गाड्या धुतात. म्हणजे जगात कुठे असलीच तर ती पानं तुझ्या पेटीत आहेत.

घाई काही नाही. सवडीनं पाठव. अक्षर वाकडं आलंय, ते टेबल हलतं म्हणून.

तुझी आई

२८ मार्च

चि. ठमीस,

पत्र मिळालं असेल असं धरून चालते.

तू म्हणशील, हजार पुस्तकं बांधणाऱ्या घरातल्या बाईला स्वतःच्या पुस्तकात सोळा पानं कमी आहेत हे चौतीस वर्षं कळलं नाही? शेजारच्या शिवणवाल्या बाई हेच म्हणाल्या. त्यांचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं, पण त्यात गाठ नसते. "वहिनी, मी गिऱ्हाइकाचा ब्लाउज एका बाहीचा शिवला असता तर तिनं चौतीस वर्षं घातला असता का?"

मला काम काय होतं ते तू पाहिलंस. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. एक कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा तयार. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली बारीक आकडा असतो, एक, दोन, तीन. ते क्रमानं लावायचे, मोजायचे, मग बाबांनी शिवायचे आणि तिन्ही बाजू कापून पुठ्ठा चढवायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पहिल्यांदा ते आकडेच ओळखायला शिकले, कारण नाही ओळखले तर पुस्तक उलटसुलट व्हायचं. मग आकड्याच्या वरची ओळ. मग तिच्या वरची. बाबा खळ ढवळत असायचे आणि मी विचारायचे, हे काय, ते काय. एकदा म्हणाले, "तू खालून वर वाचतेस. लोक वरून खाली वाचतात." त्या पूर्ण वर्षात मी कुठलीच गोष्ट सुरुवातीपासून वाचली नाही. जो फर्मा हातात येईल, त्याच्या बाहेरच्या पानावर जे असेल ते. एखादा माणूस जिना चढताना दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. कुठे गेला, कोण जाणे.

मग तुझा दादा झाला, आणि तिसऱ्या वर्षी तापानं गेला. तुला फोटो माहीत आहे, दुसरं काही माहीत नाही. आम्ही सांगितलं नाही. त्यानंतर तीन-चार महिने मी फर्मे दुमडत होते म्हणतात. मला आठवत नाही.

तेव्हा बाबांनी मला ते पुस्तक दिलं. छापखान्यानं दिलेल्या जादा कागदांतून माझ्यासाठी एक प्रत बांधली, निळं कापड लावून. "घे," म्हणाले, "ही वरून खाली वाच." अख्खं पुस्तक आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते हे. नदीवरच्या पुलाचा राखणदार, त्याची बायको आणि त्यांचं लहान पोर. पुरात ती तिघं चौकीत अडकतात, पोराला ताप चढतो. एकशे शहात्तर पानाच्या शेवटच्या ओळीत ती पोराला खांद्यावर घेते, कडी काढते. "तिनं दार उघडलं आणि", इथे पान संपतं. पुढच्या पानावर पहिली ओळ: "अंगण कोरडं पडलं होतं."

ठमी, मला सगळ्या पुस्तकांत आवडलेलं वाक्य ते एक आहे. दार उघडलं आणि अंगण कोरडं पडलं होतं. एवढं पाणी, एवढी भीती, आणि लेखकानं एका ओळीत आवरलं. मी तुला किती वेळा म्हणून दाखवलंय. आणि ते वाक्य कुणी लिहिलेलंच नाही. मधला बारावा फर्मा बाबांनी काढून घेतला आणि दोन अर्धी वाक्यं योगायोगानं जुळली.

आकडे चुकलेत, असं मी तेव्हा विचारलं होतं. बाबा म्हणाले, छापखान्याची चूक. मी मान डोलावली.

आई

१९ एप्रिल

ठमी,

पाठवलं नाहीस.

टेबल हलत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जातोय, कडेकडेचं राहील. म्हणजे आंधळी होणार नाही, भिंतीवर आपटणार नाही, भांडी घासता येतील. वाचता येणार नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "सांगता येत नाही, आजी. काही महिने धरा. काही वाचायचं राहिलं असेल तर वाचून घ्या." साधा माणूस आहे, सहज बोलून गेला. मला हसू आलं. म्हटलं, सोळाच पानं राहिलीत.

आत्ता असं होतं की शब्दाकडे पाहिलं की शब्द पुसल्यासारखा होतो आणि त्याच्या शेजारचा दिसतो. शेजारच्याकडे पाहिलं की तोही जातो. चोरून पाहावं तसं बाजूला बघत वाचावं लागतं. एका पानाला अर्धी सकाळ जाते. हे पत्र दोन दिवस चाललंय.

हे तुला आधी कळवलं नाही, कारण डोळ्यांचं सांगून मागितलं असतं तर ती भीक झाली असती. आता भीक म्हण.

पुलाचं पुस्तक यंदाही वाचायला घेतलंय. शाळांच्या पुस्तकांचा हंगाम संपला की मी ते काढायची, तुला आठवत असेल. बाबा चिडवायचे, "पाठ झालंय तर परीक्षेला बस आता." तू लहानपणी विचारायचीस, काय होतं ते माहीत असताना कशाला वाचतेस? आता सांगते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुलावरची ती बाई माझ्याहून मोठी होती, मी तिच्याकडून शिकत होते. मग आम्ही एका वयाच्या झालो, तेव्हा तिचं काही काही पटेना. आता मी तिची आई शोभेन, आणि ती चुलीपाशी एकटी बसते तिथे तिला म्हणावंसं वाटतं, बाई, उठ, चार घास खा. ती तिथेच असते. घरातली माणसं गेली, काम गेलं, कापायचं मशीन भंगारात गेलं, आणि ती त्याच पानावर त्याच चुलीपाशी. आणखी कुणाकडे जाऊ मी?

एक गोष्ट मात्र मला खटकायची. एकशे त्र्याण्णव पानापासून पुढे त्या पोराचं नाव निघत नाही. पुलाचं होतं, बदलीचं होतं, राखणदाराच्या म्हाताऱ्या आईचं होतं. पोराचं नाही. मी म्हणायची, लेखक विसरला असेल, एवढी माणसं सांभाळायची म्हणजे एखादं पोर राहून जायचं. असं बाबांना म्हटलं की ते उठून खळीचं भांडं धुवायला जायचे.

पाठव. रजिस्टर नको, साधं पाठवलंस तरी पोचतं.

आई

११ मे

ठमी,

जावईबापूंनी फोन केला होता. म्हणाले, "पत्रं मिळताहेत, आई. ती वाचते. मी काही बोललो की खोलीत जाते." मी म्हटलं, तुम्ही बोलू नका. तुमच्या घरात माझ्यावरून कुरबूर नको. त्यांनी विचारलं, डोळे कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत.

फोन ठेवला. बरे आहेत. बाबांच्या शेवटच्या आजारात हेच मी तुला तीन आठवडे सांगत होते.

फोन नीट लागत नव्हता असं पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं. तुला माहीतच आहे, रोज लागत होता. रोज संध्याकाळी तू विचारायचीस आणि मी सांगायची, आज जरा भात खाल्ला, आज खिडकीपर्यंत चालले. चालले नव्हते. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की आता फार नाही. मी सगळ्यांना सांगते की तू त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं असतंस आणि ते तिथे नळ्यांत अडकून गेले असते, म्हणून बोलले नाही. हे कारण चांगलं आहे, लोक मान हलवतात. खरं ते नाही. फोनवर तुला "बरे आहेत" म्हटलं की तेवढा वेळ ते मलाही बरे वाटायचे. दिवसातून तीन-चार मिनिटं. ती मिनिटं मला सोडवेनात.

आता दुसरं. हे कुणालाच सांगितलेलं नाही, शिवणवाल्या बाईंनासुद्धा नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांना वाचून दाखवत होते. त्यांनीच मागितलं होतं, "ते तुझं पुलाचं वाच." पूर वाढत होता, पोराला ताप होता. मध्येच ते म्हणाले, "ठमीला फोन लाव." स्पष्ट म्हणाले. मी म्हटलं, "लावते, एवढं पान होऊ दे."

एवढं पान होऊ दे, म्हटलं. कारण पुढे माझं वाक्य येत होतं.

मी वाचलं. तिनं दार उघडलं आणि अंगण कोरडं पडलं होतं. त्यांनी डोळे उघडले, हात पुस्तकावर ठेवला आणि म्हणाले, "तिथे ना…" मी म्हटलं, "बोलू नका, दमाल." त्यांनी हात काढून घेतला. मग त्यांचा डोळा लागला. मी दोन पानं आणखी वाचली, झोपेत ऐकू जातं म्हणून. उठून फोनकडे गेले तेव्हा चार वाजले असतील. तुझा नंबर फिरवताना पाहिलं तर पांघरूण हलत नव्हतं.

म्हणून तुला तो फोन तसा आला. आधी बरे आहेत, बरे आहेत, आणि मग गेले. मधलं काहीच नाही. बाबांनी मला दिलं तसंच मी तुला दिलं.

त्यांना तुझ्याशी काय बोलायचं होतं, मला माहीत नाही. माझ्याशी काय बोलायचं होतं ते आता कळतंय, पण तेव्हा मीच त्यांना गप्प केलं. त्या सोळा पानांत त्यांचं अक्षर नाही, छापील आहे सगळं, हे मला समजतं. तरी ते जे सांगणार होते त्यातलं उरलेलं तेवढंच आहे.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर देणं भाग पडेल. उत्तर नको. पानं दे.

आई

२ जून

ठमी,

आज पान वाचायला घेतलं तर ओळी लागल्याच नाहीत. उद्या बघते. उजेड कमी असेल.

एक राहिलं होतं. मी मान डोलावली असं लिहिलं होतं ना, छापखान्याची चूक म्हटल्यावर. लोकांच्या पुस्तकांचे फर्मे मी झोपेतही मोजले असते. या पुस्तकाचे एकदाही मोजले नाहीत. खाली अकरा आणि पुढे तेरा आहे, हे माझ्या बोटाखालून दर वर्षी गेलं. वाचनालयात दुसरी प्रत होती तेव्हा तीही मागितली नाही.

म्हणजे मला माहीत होतं असं नाही. पण मला माहीत नव्हतं असंही म्हणवत नाही.

आई

९ जुलै

चि. ठमीस,

हे शिवणवाल्या बाईंच्या हातचं आहे. मी सांगते, त्या लिहितात. त्या म्हणतात, आधी माझा नमस्कार लिहा. लिहा.

पाकीट काल आलं. पोस्टमननं हातात दिलं आणि मी तिरकं पाहिलं तर माझं नाव दिसलं. तू बोटभर उंचीचं अक्षर काढलंस, जाड काळ्या पेननं. पोस्टमन म्हणाला, "आजी, पोरीनं पाटी रंगवून पाठवली की काय?" म्हणजे तू पत्रं वाचलीस. शेवटपर्यंत वाचलीस. आत चिठ्ठी नाही, हे मी दोनदा हात घालून पाहिलं. ठीक आहे. मीच म्हटलं होतं उत्तर नको.

फर्मा हातात घेतला. कागद ठिसूळ झालाय, घड्यांना कुजलेल्या खळीचा वास येतो. बोट फिरवलं तर वरची कड बंद. बाजूचीही बंद. बाबांनी दुमडला तसाच आहे, कापलेला नाही. म्हणजे तू तो कधी उघडलाच नाहीस. तुझ्या लग्नात बाबांनी दिला असणार, तेव्हापासून दहा वर्षं पेटीत ठेवलास आणि आत पाहिलं नाहीस. मला वाटत होतं तू वाचलंयस, तुला सगळं माहीत आहे, आणि मला एकटीलाच नाही. रागाच्या भरात दारात म्हणालीस तेव्हाही तुला माहीत नव्हतं.

बाहेरची तेवढी पानं दिसतात. मी खिडकीत नेऊन तिरकी धरली. खाली काहीतरी काळं आहे, तो बाराचा आकडा असावा. वरच्या ओळी गेल्या. खूप वेळ बसले. खालून वर, एक ओळसुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, "वहिनी, कात्री माझ्या गळ्यातच आहे. दोन मिनिटांत उघडते आणि वाचून दाखवते. सोळा पानं तर आहेत, मला आज बटणंच लावायचीत." मी नको म्हटलं. त्या रागावल्या. "मग एवढी पत्रं कशाला लिहिलीत? मीच तर पोस्टाच्या पेटीत टाकत होते." त्यांचं खरं आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं आणि आपल्या डोळ्यांनी पाहणं यात काय फरक आहे, आत जे आहे ते तेच आहे. आणि आत काय आहे ते तुलाही कळतं, मलाही कळतं. तापलेलं पोर आहे आणि दार उघडायचं आहे.

(हे मी माझ्या मनानं लिहितेय, त्यांनी सांगितलेलं नाही. मघापासून त्या फर्मा मांडीवर घेऊन बसल्यात. चहा गार झाला दोनदा. आपलं येणं होईल का ते त्यांना विचारवत नाही, म्हणून मी विचारते. — शिवणवाली)

काय लिहिलंत ते वाचून दाखवा म्हटलं तर बाई "काही नाही, तारीख घातली" म्हणतात. असो.

फर्मे उघडायची बाबांची हाडाची पट्टी सापडली. ती आणि फर्मा खिडकीत ठेवलाय, वर चष्म्याचं घर ठेवलंय उडू नये म्हणून.

यंदाचं वाचन अर्धं राहिलं होतं, ते काल बाईंकडून पुढे वाचून घेतलं. त्या भरभर वाचतात, पूर दोन मिनिटांत चढवला. एकशे शहात्तरावर आल्या. तिनं पोराला खांद्यावर घेतलं, कडी काढली, तिनं दार उघडलं आणि. बाई थांबल्या, म्हणाल्या, "पुढचं तुम्हाला पाठ आहे ना? म्हणा."

मी तोंड उघडलं. ठमी, ते वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. चौतीस वर्षं म्हटलं आणि काल आलं नाही. बाई पान उलटायला लागल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला.

पुस्तक तिथेच उघडं ठेवलंय, पालथं.

तुझी आई